क्षमा (ख्रिस्ती)

क्षमा (ख्रिस्ती) : मनुष्याच्या पापाचा सारा बोजा परमेश्वराने आपल्या अपार प्रीतीमुळे स्वतःच्या शिरावर घेऊन त्याला पुन्हा आपले लेकरू म्हणून पत्करणे, ही ख्रिस्ती धर्मातील क्षमेची मूळ कल्पना होय. येशू ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण हा तिचा आधार. पुण्यसंचयाने किंवा प्रायश्चित्ताच्या दंडाने ती विकत घेता येत नाही, म्हणून तिला ‘कृपा’ म्हणतात.

नव्या करारात हा विचार अनेकदा दाखल्यांच्या रूपाने येतो. कचेरीत ज्याला आपण दाखला म्हणतो तो कागद असतो. मराठी ख्रिस्ती मंडळीत मात्र येशूने सांगितलेली दृष्टांतकथा म्हणजे दाखला. लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांत प्रसिद्ध असला, तरी मत्तयाच्या १८व्या अध्यायातील कर्जदार चाकराची कथा या विषयाच्या अधिक मुळाशी जाते. राजाचे १०,००० तालांत देणे असलेल्या त्या चाकराला राजा संपूर्ण माफी देतो. आणि तोच चाकर बाहेर पडताच १०० दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी व एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, असा हिशेब मांडला म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते, आणि ते कोणत्याही जन्मात फिटणारे नव्हते, हे ध्यानात येते. मत्तयातील प्रभूच्या प्रार्थनेतही पापासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘देणे’ याच अर्थाचा शब्द आहे आणि मराठी भाषांतराने तो ‘ऋण’ या शब्दाने राखला, हे भाषांतरकारांचे मोठेच यश मानले पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यात ‘ऋण’ या शब्दाला जे वजन प्राप्त होते ते अन्यत्र क्वचितच होत असेल. पूर्वीच्या पश्चिम खानदेशाचा व नंतर धुळे जिल्ह्याचा भाग असलेला हा मुलूख १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार त्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. येथील भिल्ल कुटुंबांनी सावकाराच्या खतावर अंगठा उठवून जमिनी गमावल्या, आणि उचल घेऊन वर्षभर मालकाच्या शेतात राबणाऱ्या सालदाराचे देणे वर्ष सरले तरी सरत नसे. या अन्यायाविरुद्ध १९७२पासून शहादे भागात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी चळवळ उभारली. ज्या घराने फेडता न फिटणारे देणे भोगले आहे, त्या घराला ऋण सोडणारा परमेश्वर म्हणजे काय, हे प्रवचनाने समजावून सांगण्याची गरज नाही.

फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या (१९४९पासून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) प्रचारकांनी हा संदेश घेऊन पश्चिम खानदेशात कार्य केले. गावित व मावची या आदिवासी जमातींची वस्ती असलेल्या नवापूर तालुक्यात ख्रिस्ती मंडळ्या आहेत. त्याच तालुक्यातील चिंचपाडा येथे १९४२ मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय पुढे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आले. तेथे रुग्णाची शुश्रूषा होते, तीही परमेश्वराच्या त्याच प्रीतीची साक्ष समजली जाते. मराठी मुलुखात याच भावनेचे मूर्त रूप पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी काढलेल्या ‘कृपासदना’त दिसते.

क्षमा म्हणजे अन्यायाला संमती, असा अर्थ करणे सर्वथा चुकीचे आहे. सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर परिसरातील गरिबांना सावकारीच्या पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या केरळच्या कॅथलिक धर्मभगिनी राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून खेचून हत्या करण्यात आली. त्यांनी अन्यायाशी तडजोड केली नव्हती. त्यांच्या कुटुंबाने मात्र मारेकऱ्याला क्षमा केली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतःही धर्मभगिनी होती, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. सुटकेनंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा ज्या हातांनी आपल्या मुलीचा जीव घेतला त्या हातांचे राणी मारिया यांच्या आईने चुंबन घेतले.