मिळणे, मिळवणे आणि पावणे

आमच्या घरात एका क्रियापदावरून कित्येक वर्षे प्रेमळ भांडण चालले. आई मूळची कारंज्याकडची. तिला पगार 'भेटायचा', बस 'भेटायची', बाजारात ताजी मेथी 'भेटायची'. माझी पत्नी ग्वाल्हेरची. तिला माणसे 'मिळतात'. "आज न्यू मार्केटात तुमच्या मावशी मिळाल्या होत्या," असे ती अजूनही सांगते. सुट्टीत पुण्याहून येणारा भाचा दोघींच्याही चुका काढायचा. "आजी, पगार भेटत नाही, मिळतो. मामी, माणसे मिळत नाहीत, भेटतात." आई त्याच्या हातावर लाडू ठेवायची आणि विचारायची, "भेटला ना लाडू?"

हा विनोद आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडला असेल, कारण भोपाळची मराठी ही अशाच दोन-तीन वाटांनी आलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथून कचेऱ्या आल्या, फायली आल्या आणि फायलींबरोबर आमच्या वडिलांसारखे कारकूनही आले. ग्वाल्हेर-इंदूरकडून शिंदे-होळकरांच्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरे आली. भेलच्या कारखान्याने आणखी माणसे आणली. नागपूरकडच्यांनी 'भेटणे' आणले, ग्वाल्हेरकडच्यांनी 'मिळणे', आणि बाहेरच्या जगात तर सगळीकडे हिंदीचे 'मिलना' होतेच.

मी व्यवसायाने होमिओपॅथ. भाषाशास्त्राचा पदवीधर नव्हे. पण आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी १८१० साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑर्गेनॉन'मध्ये वैद्यांना एक शिस्त घालून दिली आहे. रोग्याची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. या शिस्तीमुळे क्रियापदांकडे कान देण्याची सवय लागली, आणि त्या सवयीच्या जोरावर आज आपल्यापुढे 'मिळणे' या क्रियापदाची कुळकथा मांडतो आहे.

आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्याकडे 'गेट' नावाचे एक छोटे क्रियापद आहे. इंग्रजीने ते उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांकडून सात-आठशे वर्षांपूर्वी घेतले. मूळ अर्थ हाती धरणे, हस्तगत करणे. आज ते काय करत नाही? पैसे हाती येणे, घरी पोहोचणे, आजारी पडणे, बरे होणे, मुद्दा समजणे, दुसऱ्याकडून काम करवून घेणे, या सगळ्यांना तो एकच शब्द पुरतो. मराठीत मात्र आपण ताप 'येतो' म्हणतो, सर्दी 'होते', औषधाचा गुण 'येतो', हरवलेली किल्ली 'सापडते', पाहुणा 'भेटतो' आणि पगार 'मिळतो'. माझ्याकडे येणारी मुले आता सर्रास "मला फीवर मिळाला" म्हणत नाहीत, हे आपले भाग्य. पण "माझी वही मिळाली" आणि "माझा मित्र मिळाला" हे ती म्हणतात, कारण हिंदीत तिन्ही ठिकाणी 'मिलना'च आहे.

मग हे चूक म्हणायचे का? भाच्याच्या बाजूने निकाल देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. संस्कृतातला 'मिल्' हा धातू मुळात एकत्र येण्याचा आहे. नदी सागराला 'मिळते' ती याच अर्थाने. मेळ, मेळा, मेळावा, 'सगळे मिळून' हे त्याचेच गोत. म्हणजे माणसे 'मिळणे' हाच जुना अर्थ, आणि वस्तू माणसाला येऊन मिळाली म्हणून ती त्याची झाली, हा पुढचा अर्थ. माझ्या पत्नीची बाजू इतिहासाने राखली आहे. आणि आईची? 'भेट' या शब्दात गाठ पडणेही आहे आणि नजराणाही आहे. रिकाम्या हाताने भेटायला जाऊ नये ही आपली रीत. ज्या शब्दात भेटीची वस्तू आहे, त्यातून लाडू 'भेटला' तर फार बिघडले नाही. प्रमाण मराठीने पुढे या तीन शब्दांची कामे वाटून दिली, ती सोयीची आहेत आणि लेखनात पाळावीत. पण घरातल्या म्हातारीला हसण्याचे कारण नाही.

या दोघांपेक्षाही एक मानाचे क्रियापद आपल्याकडे होते, ते म्हणजे 'पावणे'. संस्कृत 'प्राप्', त्याचे प्राकृतात 'पाव', आणि तेच मराठीत आले. जैन आचार्यांनी ज्या महाराष्ट्री प्राकृतात कथा आणि टीका लिहिल्या, तिच्यात 'पावइ' हे रूप वारंवार येते. हिंदीचा 'पाना' हाही त्याचाच भाऊ. आपल्या जत्रांमधल्या 'खोया-पाया केंद्रा'च्या पाटीवर तो रोज दिसतो. इंग्रजी 'गेट'ची कामे एकेकाळी मराठीत कोण करत असेल, तर हा 'पावणे'. पैलतीर पावला, म्हणजे पोहोचला. मान पावला, म्हणजे त्याला मान मिळाला. लोप पावला, वृद्धी पावला, म्हणजे तसा झाला. पोहोचणे, मिळणे आणि होणे ही तिन्ही कामे एकाच शब्दात. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात पत्र 'पावले' असे लिहीत. देव पावतो तो याच शब्दाने, आणि माणूस मरण पावतो तोही याच शब्दाने. पैसे पावल्याची खूण म्हणून 'पावती'. आज 'पावणे' बोलण्यातून जवळजवळ गेले, पण पावती प्रत्येकाच्या खिशात आहे.

'गेट'चे आणखी एक काम उरले, दुसऱ्याकडून करवून घेण्याचे. त्यासाठी मराठीने वेगळा शब्द घेतला नाही, क्रियापदालाच एक प्रत्यय जोडला. करणे-करविणे, मिळणे-मिळविणे. या प्रत्ययाचा पुरावा श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी कोरलेला आहे. मूर्ती उभारली गंगांचा मंत्री चामुंडराय याने, दहाव्या शतकाच्या अखेरीस. १९८१ साली तिथे सहस्राब्दी महामस्तकाभिषेक झाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथल्या मराठी ओळीचे क्रियापद आहे 'करवियलें'. ओळीची अक्षरे चामुंडरायाच्या काळची की मूर्तीभोवतीचा परिसर बांधविणाऱ्या गंगराजाच्या, म्हणजे बाराव्या शतकातली, यावर विद्वानांत वाद आहे. पण मराठीच्या अतिप्राचीन कोरीव लेखांत तिची गणना होते, यात वाद नाही. शेजारी हीच गोष्ट कन्नडात आणि तमिळमध्येही कोरली आहे, आणि त्या भाषांनीही 'करविले' याच अर्थाचे रूप वापरले आहे. छिन्नी शिल्पकाराच्या हाती होती. चामुंडरायाने मूर्ती केली असे कोणीच म्हणत नाही. तिन्ही भाषा म्हणतात, त्याने करविली. कोणाच्या हातून काय झाले, हे त्या क्रियापदाने प्रामाणिकपणे सांगितले आहे.

इथेच माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. 'मला मिळाले' आणि 'मी मिळवले' यांत फरक काय? पहिल्यात वस्तू कर्ता आहे, मी चतुर्थीत उभा आहे, हात पुढे करून. दुसऱ्यात मी कर्ता आहे. जुना 'पावणे' या बाबतीत वेगळा होता. 'तो मान पावला' यात घेणाराच कर्ता असे. ते क्रियापद मागे पडले आणि त्याची जागा 'मिळणे'ने घेतली, तसा घेणारा माणूस वाक्यात कर्त्याच्या जागेवरून खाली उतरला. देणारा कोण, हेही 'मिळाले' सांगत नाही. सांगायचे तर वेगळे जोडावे लागते.

आपल्याच परिसरातले उदाहरण घ्या. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळ वेढले. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याला तह झाला. माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख मराठ्यांना देण्याचे निजामाने कबूल केले, शिवाय खर्चापोटी ५० लाख रुपये देवविण्याचे मान्य केले. पण माळव्याची बादशाही सनद आली १७४१ साली, नानासाहेबांच्या वेळी. बाजीरावांचे तर १७४० मध्येच नर्मदाकाठी रावेरखेडीला निधन झाले होते. इतिहासाच्या पुस्तकात 'पेशव्यांना माळवा मिळाला' असे एका वाक्यात येते. मिळवला ते साल वेगळे आणि मिळाला ते साल वेगळे. मधली तीन वर्षे आणि मिळवणारा माणूस त्या वाक्यात दिसत नाहीत.

आता भोपाळची दुसरी तारीख. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. मी तेव्हा होमिओपॅथीचा विद्यार्थी होतो. त्या रात्रीचे वर्णन मी करणार नाही, आपल्या घराघरांत ते आहे. पुढच्या काळात मात्र शहराच्या तोंडी एक प्रश्न बसला, "क्या मिला?" आणि त्याची घरातली मराठी, "काही मिळाले का?" माझ्या दवाखान्यात नाडी दाखवायला बसलेला रोगी शेजारच्याला आधी हेच विचारी.

हे क्रियापद तिथे फार नेमके बसले, आणि त्यामागे कायदा होता. १९८५ साली संसदेने गॅसपीडितांच्या दाव्यांचा कायदा केला आणि सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. हेतू संरक्षणाचा होता, कारण गरीब माणूस परदेशी कंपनीशी कुठवर लढणार? सरकारने सुमारे ३३० कोटी डॉलर मागितले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे गेली, त्यांना तडजोडीपूर्वी कोणी विचारले नाही. बहुतेक जखमींना पुढे प्रत्येकी २५ हजार रुपये भरपाई ठरली. वाढीव रकमेसाठी सरकारने २०१० मध्ये पुन्हा अर्ज केला, तो मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो माणूस आधी कायद्यानेच चतुर्थीत बसवला गेला. त्याने मिळवायचे नव्हते. त्याला मिळायचे होते.

एक वृद्ध बाई माझ्याकडे दम्यासाठी येत. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत औषधाच्या चिठ्ठ्यांपेक्षा दाव्याच्या पावत्या जास्त असत. त्या दरवेळी मोजून परत ठेवत. प्रत्येक पावती म्हणजे कागद 'पावला' याची खूण. कागद त्यांचे होते, आणि पोहोचलेले होते. उलट दिशेने काही पोहोचल्याची पावती त्या पिशवीत एकच होती.

याच शहरात काहींनी क्रियापद बदलले. गॅसपीडित महिलांची संघटना उभी राहिली. अब्दुल जब्बार यांच्या बरोबरीने या महिलांनी खैरात नको, काम हवे असा आग्रह धरला. त्या शिवणकाम शिकल्या, मोर्चे काढले, न्यायालयाची पायरी चढल्या. जब्बार २०१९ मध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. जे थोडे हाती आले त्यातले बरेच अशा लोकांनी मिळवले होते. पुढच्या पिढीने 'गॅसपीडितांना भरपाई मिळाली' एवढेच वाचले, तर बाजीरावांसारख्या या बायाही वाक्यातून पुसल्या जातील.

जैन म्हणून एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आमच्या कर्मसिद्धांतात अंतराय नावाचे कर्म आहे, त्याच्या पाच प्रकारांत एक 'लाभांतराय'. दाता उदार आहे, वस्तू हजर आहे, मागणारा चतुर आहे, तरी लाभ होत नाही. अशा वेळी त्याचे नाव घेतात. गॅसपीडितांबद्दल हा शब्द काही सज्जनांच्या तोंडून मी ऐकला आहे, आणि तो मला पटला नाही. इथे दाता उदार कुठे होता? लाभांतराय हा स्वतःच्या अपयशाकडे शांतपणे पाहण्याचा शब्द आहे, दुसऱ्याच्या फायलीवर मारण्याचा शिक्का नव्हे. आणि त्याच यादीत 'वीर्यांतराय' आहे, उत्साहाला आडवे येणारे कर्म. ज्या शास्त्राने माणसाच्या पराक्रमाला येणारा अडथळाही मोजला, त्याने पराक्रमाला जागा ठेवलेली आहे.

वाचकहो, आपली भाषा आपण या शहरात तीन पिढ्या टिकवली. तिच्यात हिंदी मिसळली, मिसळू द्या. मावशी 'मिळाल्या' तरी चालेल आणि लाडू 'भेटला' तरी चालेल. पण मिळणे आणि मिळवणे यांतला फरक मुलांच्या जिभेवर राहू द्या. घरचा इतिहास सांगतानाही तो पाळा. आजोबांना भोपाळला नोकरी 'मिळाली', हे खरे. पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये चार मुले शिकवून आजीने जे मिळवले, ते तिच्या नावावर लिहा.

आई आता नाही. परवा नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, मला मराठी निबंधाचे बक्षीस भेटले." शब्द पणजीचा होता. माझ्या पत्नीने तो सुधारला नाही. तिने फक्त विचारले, "भेटले, की मिळवलेस?"