कॅप्टन ग्रँट डफ : छावणींतून दप्तराकडे

मराठ्यांच्या इतिहासाची गोष्ट निघाली आणि तींत ग्रँट डफचें नांव आलें, कीं बहुधा वाद सुरू होतो. १८६७ सालीं पुण्यांत नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें त्याच्या ग्रंथावर टीका केली, तेव्हांपासून हा वाद चालू आहे. न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालच्या आपल्या पुस्तकांत त्याच्या मूळ सिद्धान्तालाच हात घातला. राजवाड्यांनीं तर त्याची भरपूर हजेरी घेतली. या झटापटींत ग्रंथ पुष्कळ चर्चिला गेला, पण ग्रंथकार मागेंच राहिला. तो पेशानें इतिहासकार नव्हता, पलटणींतला अंमलदार होता, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु त्याचा अर्थ काय, हें आपण सहसा पाहत नाहीं. आमच्या मतें त्याच्या ग्रंथाचें बळ आणि त्याचें वैगुण्य हीं दोन्हीं याच एका गोष्टींतून निघालीं आहेत.

जेम्स ग्रँट याचा जन्म ८ जुलै १७८९ रोजीं स्कॉटलंडांत बॅन्फ येथें झाला. तो लहान असतांनाच त्याचे वडील वारले, तेव्हां आई मुलांना घेऊन ॲबर्डीन येथें राहूं लागली. तेथील मारिशल कॉलेजांत त्याचें थोडेंबहुत शिक्षण झालें. कंपनीची मुलकी नोकरी मिळावी असा बेत होता; पण तिची वाट पाहत बसण्याचा धीर त्याच्या अंगीं नव्हता. १८०५ सालीं, मिसरूड फुटण्याच्या वयांत, तो कॅडेट म्हणून मुंबईस निघाला. (‘डफ’ हें उपपद पुढें आजोळच्या ईडन येथील वतनाबरोबर आलें. साताऱ्यास असतांना तो नुसता कॅप्टन ग्रँटच होता.)

मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणींत दाखल झाल्यावर तीनचार वर्षांच्या आंतच त्याला खरी लढाई दिसली. काठेवाडांत माळिया म्हणून लुटारूंचें एक बळकट ठाणें होतें. त्यावरील हल्ल्यांत एक तुकडी त्याच्या हाताखालीं होती, आणि तिच्यांतले बहुतेक लोक पडले. विशीच्या आसपासच्या तरुणाच्या मनावर अशा प्रसंगाचा ठसा कसा उमटला असेल, याची कल्पनाच केली पाहिजे. नांव मात्र झालें. पण या शिपायाला भाषांचीही ओढ होती. लवकरच तो पलटणीचा ॲडज्युटंट झाला आणि फारशीचा दुभाषाही झाला. पुण्याच्या रेसिडेन्सींत मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला हाताखालीं असेच लोक हवे होते. ग्रँट त्याचा मदतनीस झाला, आणि त्याच्या आयुष्याचा ओघ तेथून वळला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली, एल्फिन्स्टनचे ग्रंथ व कागद राख झाले. गणेशखिंडीकडून येणाऱ्या पेशव्यांच्या घोडदळाचें वर्णन करतांना ग्रँटला खंबायतच्या आखातांत उसळत येणाऱ्या भरतीच्या लोंढ्याची आठवण झाली आहे. तो लोंढा ज्याच्या अंगावर आला, त्यानेंच ती ओळ लिहिली आहे, हें वाचतांना कळतें. शत्रूच्या सैन्याकडे अशा कौतुकानें पाहणारा लेखक मराठ्यांच्या द्वेष्ट्यांत सरसकट घालतां येत नाहीं.

१८१८ च्या फेब्रुवारींत अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणींत अडकलेले छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. एप्रिलांत ग्रँटची साताऱ्यास नेमणूक झाली. आदल्याच वर्षीं ज्या मुलुखाशीं युद्ध केलें, त्याच मुलुखाचा कारभार एखाददुसरा गोरा सोबती आणि थोडी देशी पलटण एवढ्यावर आतां त्याला पाहावयाचा होता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें राज्याच्या हद्दी ठरल्या : उत्तरेस नीरा, दक्षिणेस कृष्णा व वारणा, पश्चिमेस सह्याद्रि, पूर्वेस पंढरपूर-विजापुराकडील प्रांत. पुढच्या वर्षीं फलटण, औंध, भोर, अक्कलकोट, जत येथील जहागीरदारांशींही त्यानें करार केले.

राजा पंचविशींतला आणि ग्रँट त्याच्याहून तीनचार वर्षांनीच वडील. एकाचें बालपण कैदेंत गेलें होतें, दुसऱ्याचें तारुण्य छावणींत. तरी राज्यकारभार शिकविणारा हा आणि शिकणारा तो. हिशेब वेळच्या वेळीं पाहावा, फिर्याद स्वतः ऐकावी, काम दुसऱ्या दिवसावर टाकूं नये, असें हें शिक्षण होतें. अधिकारही एकदम न देतां टप्प्याटप्प्यानें दिला आणि १८२२ च्या एप्रिलांत पुरता सोंपविला. प्रतापसिंहाच्या अंगीं पुढें जी टापटीप दिसली, तिचें थोडें श्रेय या शिक्षकाला दिलेंच पाहिजे. पण याच तहांत एक कलम असें होतें, कीं कंपनीच्या संमतीवांचून राजानें बाहेरच्या कोणाशीं संधान ठेवूं नये. याच कलमाच्या आधारें, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं राजकारण केल्याचा व शिपायांना फितविल्याचा आरोप ठेवून, १८३९ सालीं प्रतापसिंहाला गादीवरून काढलें आणि काशीस पाठविलें. तेथेंच १८४७ सालीं ते वारले. तहाचा मसुदा चोख होता. इतका चोख, कीं शिष्याच्या गळ्यास फांस बसण्यास तोच पुरला.

साताऱ्याच्या या चार वर्षांतच इतिहासाची सामग्री जमली. छत्रपतींचें दप्तर खुलें होतें. पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यांत होते. देवस्थानें व जुनीं घराणीं यांच्याकडून सनदा, यादी, बखरी येत होत्या. गोव्याहून पोर्तुगीज दप्तरांतले उतारे आले, सुरत व मुंबईच्या वखारींचे कागद चाळले गेले. एवढी सोय त्याला मिळाली ती जेत्याच्या अधिकारामुळें, हें खरें. पण ज्यांच्या घरीं तीं दप्तरें पिढ्यान्‌पिढ्या बासनांत बांधून होतीं, त्या आपल्या लोकांनीं तोंपर्यंत तीं सोडून असा इतिहास कां लिहिला नाहीं, हा प्रश्न आपणही आपल्याला विचारावा. श्रम त्यानें जिवापाड केले. डोकेदुखीनें तो इतका हैराण असे, कीं डोक्याला ओलीं फडकीं गुंडाळून लिहीत बसे. त्या दुखण्यानेंच त्याला मायदेशीं परतावें लागलें.

ग्रंथ १८२६ सालीं लंडनला निघाला. मराठे म्हणजे कोण हें येथें कोणास ठाऊक, तेव्हां पुस्तकाचें नांव बदला, मोंगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असें कांहीं घाला, अशी सूचना एका प्रकाशकानें केली होती. ग्रँटनें ती मानली नाहीं. पुस्तकानें त्याला पैसा दिला नाहीं, उलट पदरचा गेला. कॅप्टन केपन व बाबा साने यांनीं केलेलें त्याचें मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत ‘मराठ्यांची बखर’ म्हणून छापलें गेलें, आणि आपल्या आजे-पणजांना आपलाच इतिहास एका स्कॉच कप्तानाकडून वाचावा लागला.

या ग्रंथांत शिपाई जेथें बोलतो तेथें तो पक्का आहे. घाट कोठें उतरतो, गड कोणत्या बाजूनें पडतो, फौजेला दाणावैरण कशी तुटते, हें त्यानें स्वतः पाहिलेलें होतें. पण ‘हें राज्य उभें कां राहिलें?’ हा प्रश्न आला, कीं तो सह्याद्रीच्या वाळलेल्या गवतास लागणाऱ्या वणव्याचा दाखला देतो. तळावर बसलेल्या शिपायाला डोंगरावरची आग दिसते. गवत कोणी कापलें, कोणी रचलें आणि ठिणगी कोणी जपून ठेवली, हें त्याला दिसत नाहीं. रानड्यांनीं तुकाराम-रामदासांच्या परंपरेकडे बोट दाखविलें, तें याच ठिकाणीं. लढाया व तह यांच्या पलीकडचा समाज, शेतकरी, वारकरी, कारकून, त्याच्या पानांत फार थोडा येतो.

जमविलेल्या कागदांच्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्या आहेत, असें त्यानें नमूद केलें होतें. पुढच्या अभ्यासकांना त्या सांपडल्या नाहींत, आणि त्यावरून संशयही घेतले गेले. उलट त्याच्या घराण्यांतून लंडनच्या संग्रहालयाकडे गेलेलीं वाघनखें २०२४ च्या जुलैंत उसनवार म्हणून साताऱ्यास आलीं, तेव्हां लोटलेल्या गर्दीला पार नव्हता. तीं महाराजांचींच कीं काय, याची खात्री खुद्द तें संग्रहालयही देत नाहीं. आम्हांस विचाराल तर त्या नखांपेक्षां त्या नकला परत आल्या असत्या तर अधिक बरें झालें असतें!

मायदेशीं गेल्यावर त्यानें पुन्हां तरवार धरली नाहीं. १८२५ सालीं लग्न केलें, ईडनची जमीन सुधारीत राहिला, आणि १८२९ सालीं झालेल्या मुलाचें नांव आपल्या पुण्याच्या वरिष्ठावरून मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असें ठेविलें. हा मुलगा पुढें मद्रासचा गव्हर्नर झाला. बाप २३ सप्टेंबर १८५८ रोजीं वारला. त्यानें घडविलेलें सातारचें राज्य दहा वर्षांपूर्वीं खालसा झालें होतें, आणि ज्या कंपनीची त्यानें चाकरी केली तिच्या हातून हिंदुस्थान काढून घेण्याचा कायदाही त्याच्या आदल्याच महिन्यांत मंजूर झाला होता.