उसनी भुते आणि एक शून्य

मंडळी, भुतांच्या कादंबऱ्यांविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आणि भुतं?" बरोबर आहे. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, पण वर्गात या पुस्तकांचे नाव कधी काढले नाही. काढले ते एकदाच, आणि तेही रागावून. आज तेच सांगायचे आहे.

१९८६ सालची गोष्ट. नववीच्या मुलांना निबंध दिला होता, 'एक भयाण रात्र'. मुलांनी नेहमीप्रमाणे वादळ, विजा, गेलेले दिवे लिहिले. एका मुलाने मात्र चांगली पाच पाने गोष्ट लिहिली होती. वहीवर वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला आणि तिसऱ्या पानावर लक्षात आले की ही गोष्ट नारायण धारपांची आहे. लाल शाईने 'नक्कल' असे लिहिले, दहापैकी शून्य दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याला वर्गासमोर उभे केले. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, गोष्ट त्यांची आहे, पण वाडा आमच्या गावचा आहे." मुले हसली. मीही हसलो.

आता खरे सांगतो. गोष्ट धारपांची आहे हे मला कसे कळले? कारण मीही ती वाचली होती. एस.टी. स्टँडसमोर भाड्याने पुस्तके देणारे दुकान होते. तिथून धारप आणायचे, वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे आणि रात्री सगळे झोपले की वाचायचे. शिक्षकांच्या खोलीत भयकथांना वाङ्मय म्हणायची पद्धत नव्हती. तिथे खांडेकर, फडके, पेंडसे चालत. रत्नाकर मतकरी नाटककार म्हणून चालत, पण त्यांच्या गूढकथांचा विषय निघाला की कोणीतरी चहा मागवी.

धारप (१९२५-२००८) हे पुण्याचे, शिक्षणाने विज्ञानाचे पदवीधर. कदाचित त्यामुळेच त्यांच्या कादंबऱ्यांत भूत एकदम येत नाही. आधी घर येते, घरातली माणसे येतात, नोकरीधंदा येतो, मग काहीतरी किंचित बिघडते. समर्थांच्या कथा वाचल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. भीती अंधारात नसते, ओळखीच्या जागेत असते, हे त्यांनी दोन पिढ्यांना शिकवले.

पुढे मी निवृत्त झालो आणि तो शून्य विसरून गेलो. मग २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला. मुलाने सांगितले की चित्रपटाला नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून मिळाले आणि कल्पनेचे बीज धारपांच्या 'आजी' या कथेतले. मला फार आनंद झाला. पण तो पुढे म्हणाला, "बाबा, ती 'आजी'सुद्धा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' कथेवरून आहे. आणि तुमची 'लुचाई' त्याच्या 'सेलम्स लॉट'वरून. 'शपथ'सुद्धा त्याच्याच 'इट'वरून."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांची नक्कल केली म्हणून पोराला शून्य दिले, त्यांनीच दुसऱ्याचे घेतलेले! म्हणजे शून्य कोणाकोणाला द्यायचा?

मुलाला 'सेलम्स लॉट' आणायला सांगितले. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचत होतो. कादंबरी १९७५ सालची. अमेरिकेतल्या एका लहान गावात टेकडीवरचे ओसाड घर कोणीतरी विकत घेते आणि गावातली माणसे एकेक करून दिवसा दिसेनाशी होतात. आणि गंमत पाहा, किंग तेव्हा हायस्कूलमध्ये मास्तर होता! वर्गात मुलांना 'ड्रॅक्युला' शिकवत होता. एकदा जेवताना घरी विषय निघाला की हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल? त्यातून कादंबरी झाली. तो हे लपवत नाही, स्वतःच सांगतो.

मग 'ड्रॅक्युला' हातात घेतला. तो १८९७ सालचा. आपल्या पुण्यात ते प्लेगचे आणि चापेकरांचे वर्ष. लेखक ब्रॅम स्टोकर हा आयरिश गृहस्थ लंडनमध्ये नाटकाच्या थिएटरचा व्यवस्थापक होता. ट्रान्सिल्व्हानियाला तो कधी गेलाच नाही. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या इंग्लंडच्या बंदरगावी गेला असता तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडले. म्हणजे नावही वाचनालयातून उसने. त्याच्याआधी डब्लिनच्याच शेरिडन ल फानूने १८७२ मध्ये 'कार्मिला' ही रक्तपिपासू स्त्रीची कथा लिहिली होती, आणि स्टोकरच्या पहिल्या टिपणांत सरदाराचा मुलूख 'कार्मिला'तलाच होता, तो पुढे बदलला.

त्याच्याही मागे जा. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसात अडकलेल्या कवी बायरनने मित्रांना भुताची गोष्ट लिहायचे आव्हान दिले. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) जन्मली. बायरनने एक गोष्ट अर्धवट टाकली, ती त्याच्या डॉक्टरने, पॉलिडोरीने उचलून पुरी केली. ती 'द व्हँपायर' १८१९ मध्ये छापली गेली तेव्हा लेखक म्हणून नाव होते बायरनचे! गोष्ट एकाची, नाव दुसऱ्याचे. पहिल्या पानापासूनच हिशेबात घोळ.

असा घोळ कोर्टातही गेलेला आहे. १९२२ साली जर्मनीत 'नोस्फेराटू' हा मूकपट निघाला, पात्रांची नावे बदलून पण परवानगी न घेता. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज पाहता येतो.

हे वाचताना मला मात्र आपले पैठण आठवत होते. कथासरित्सागरात गुणाढ्याची कथा आहे. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका, आणि सातवाहन राजाने मोदक मागवले, हा विनोद मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पण त्यापुढची कथा मी सांगत नसे. राजाला संस्कृत सहा महिन्यांत शिकवता येईल की नाही या पैजेत गुणाढ्य हरला. संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडून तो विंध्याच्या अरण्यात गेला आणि पिशाचांची भाषा शिकला. तिथे काणभूती नावाच्या पिशाचाने त्याला कथा सांगितल्या. त्याने त्या सात लाख श्लोकांत, शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. राजाने पाहिले, भाषा भुतांची आणि शाई रक्ताची, म्हणून नाकारले. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि अग्नीत टाकू लागला. राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. तीच बृहत्कथा. अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरच्या राणीसाठी तिच्यावरून संस्कृतात कथासरित्सागर लिहिला, आणि वेताळपंचविशी त्यातही येते.

म्हणजे भुतांच्या भाषेतले पुस्तक दारातून परत पाठवणारा पहिला मी नव्हे. सातवाहनाच्या दरबारापासूनची रीत आहे.

पण या कथेतला दुसरा धागा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गुणाढ्याने कथा काणभूतीकडून ऐकली. काणभूतीने पुष्पदंताकडून ऐकली. पुष्पदंताने ती शंकर पार्वतीला सांगत असताना चोरून ऐकली आणि त्याबद्दल शाप भोगला. म्हणजे चोरीही आहे, शिक्षाही आहे. तरी कथा पुढे गेली, कारण कोणाकडून मिळाली हे प्रत्येकजण सांगत गेला.

भुताची गोष्ट उसनीच असते. ती आपल्याला आजीने सांगितलेली असते, आजीला तिच्या आजीने. प्रत्येक सांगणारा वाडा आपला घालतो, विहीर आपली घालतो, आणि भूत त्या गावचे होऊन जाते. उसने घेण्यात पाप नाही. फक्त कोणाकडून घेतले ते सांगावे. ड्रॅक्युलाचे नाव घेऊन किंगचा मोठेपणा कमी झाला नाही. 'लुचाई' मी 'सेलम्स लॉट' नंतर पुन्हा वाचली. मूळ माहीत असूनही दिवा लावूनच झोपलो. धारपांनी घातलेला वाडा आपला होता ना!

त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते. "गोष्ट छान जमलीय. खाली एक ओळ लिही, धारपांची कथा वाचून सुचले. घे सात गुण." एवढे सोपे होते. शिवाय, मीही ती वाचली आहे हे सांगायला हवे होते, पण तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा झाला. तो भेटला. केस पांढरे झालेले. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "सर, तो शून्य अजून लक्षात आहे. त्यानंतर मी कधी लिहायच्या भानगडीत पडलो नाही." आसपास सगळे हसले. मला बोलता आले नाही. गुलाबजाम हातात तसाच राहिला.

तो हे वाचेल की नाही, माहीत नाही. वाचलेस तर, बाळा, चूक माझी होती. तुमच्या गावच्या वाड्याची ती पाच पाने मला अजून आठवतात.

आणि मंडळी, ज्यांना वाचायचे आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो: आधी 'लुचाई', मग 'सेलम्स लॉट', मग 'ड्रॅक्युला', आणि शेवटी वेताळपंचविशी. उलटे चालत गेले की मजा येते. मध्ये श्वास घ्यायला मतकरींच्या कथा. कव्हर घालू नका. तुमच्या घरच्या भुताची गोष्ट असेल तर मला जरूर कळवा, आणि ती कोणाकडून ऐकली तेही लिहा.