तिनोसची जत्रा आणि 'एल्ली'

एजियन समुद्रातील तिनोस हे ग्रीक बेट मेरीमातेच्या तीर्थासाठी प्रसिद्ध आहे. तुर्की सत्तेविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असता, १८२३ साली, पेलागिया नामक जोगिणीच्या दृष्टान्तावरून तेथे जमीन खणली गेली आणि मातेची प्रतिमा सापडली. दृष्टान्त आणि भूमीतून प्रकटलेले दैवत! आमच्या वाचकांस ही कथा परकी वाटू नये. दरवर्षी १५ ऑगस्टला, मेरीच्या देहावसानाच्या उत्सवास, मोठी जत्रा भरते. कित्येक नवसकरी बंदरापासून टेकडीवरील मंदिरापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. मिरवणुकीतील प्रतिमा आपल्यावरून जावी म्हणून आजारी माणसे वाटेत आडवी होतात.

१९४० च्या जत्रेस मानवंदना देण्यासाठी 'एल्ली' ही ग्रीक युद्धनौका बंदराबाहेर नांगरून होती. सकाळीच एका पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडविली. ग्रीस तेव्हा तटस्थ होता. टॉर्पेडोचे तुकडे इटालियन ठरले. तरी सरकारने हल्लेखोर अज्ञात असल्याचेच जाहीर केले. हाती आलेला पुरावा दडविणे आम्हां वकिलांस सहजी रुचत नाही. पण युद्ध टाळू पाहणाऱ्या लहान राष्ट्रापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? २८ ऑक्टोबरला इटलीने आक्रमण केलेच. महायुद्धानंतर इटलीकडून भरपाईदाखल एक क्रूझर मिळाली. ग्रीकांनी तिचेही नाव 'एल्ली' ठेवले.