‘हा’ नावाचं खोरं

पोस्टिंगचा सिग्नल आला त्या संध्याकाळी घरी फोन केला. सौ. म्हणाली, "कुठं पडली?"

"हा."

"हा काय? गावाचं नाव सांगा की!"

"अगं, हेच नाव आहे. हा. भूतानमध्ये."

पलीकडं जरा शांतता. मग प्रश्न, "म्हणजे आता पासपोर्ट काढायचा?"

पासपोर्ट लागत नाही. आपल्या माणसाला मतदार ओळखपत्रावरही तिथं जाता येतं. पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तोवर राजस्थान झालं होतं, काश्मीर झालं होतं, आसाम झालं होतं. सगळीकडं भाषा बदलली, जेवण बदललं, पण देश आपलाच होता. २०११ च्या नोव्हेंबरात काळी पेटी आणि बिस्तरा घेऊन हासीमाऱ्याला उतरलो, फुंटशोलिंगची रंगीत कमान ओलांडली आणि घड्याळ अर्धा तास पुढं केलं. तेव्हा कुठं जाणवलं की आता आपण परक्या देशात आहोत.

भारतीय लष्करी प्रशिक्षण दल, म्हणजे आपलं इमट्रॅट, १९६२ पासून हा इथं आहे. काम भूतानच्या सैन्याला प्रशिक्षण देण्याचं. खोऱ्याची उंची नऊ हजार फुटांच्या आसपास. वांगचुकलो झोंग नावाच्या जुन्या गढीत आमचा कारभार चाले. हिवाळ्यात नळ गोठायचे, बुखारी पेटवल्याशिवाय बोटं चालायची नाहीत. रुपया मात्र सगळीकडं चालायचा, हिंदीही बऱ्याच जणांना कळायची. याच सोयीनं मला फसवलं. सगळं आपल्यासारखंच आहे असं वाटलं आणि मी वागलोही तसाच.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. बाजारात एका दुकानात गर्दी होती. मी वर्दीत. मागूनच आवाज टाकला, "अरे, जरा जल्दी करो!" सगळं दुकान गप्प झालं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान त्यांनी सावकाश बांधलं, माझा नंबर आला तेव्हा माझंही बांधलं आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ही गोष्ट मी तिथल्या सैन्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याला सांगितली. ते खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले. भूतानचे कॅडेट तिथं प्रशिक्षणाला येतात. मी महाराष्ट्राचा म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत "चहा घेणार का?" असं मराठीत विचारून मला गार केलं होतं. माझी हकिकत ऐकून ते हसले. म्हणाले, "साहेब, मी पुण्यात आलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. काही कळलं नाही की फक्त हसायचो आणि थांबायचो. तुम्ही इथं तेवढंच करा." वीस वर्षांच्या नोकरीत इतका सोपा हुकूम मला कुणी दिला नव्हता.

मी थांबायला शिकलो. थांबलं की माणसं बोलतात. मार्चमध्ये सौ. आणि मुलगी आल्या. ज्वारीचं पीठ संपल्यावर घरमालकाच्या आजोबांनी कुट्टूचं पीठ पाठवलं. त्याची भाकरी काही थापली जाईना, पण त्या निमित्तानं जाणं-येणं सुरू झालं आणि आजोबांकडून मला त्या खोऱ्याचा इतिहास कळला.

आपण नकाशा भारताच्या बाजूनं बघतो, म्हणून हा आपल्याला टोकाला दिसतं. आजोबांच्या लहानपणी ते टोक नव्हतं, वाट होती. पलीकडं चुंबी खोरं आणि तिबेट. तिथून मीठ यायचं, लोकर यायची, इथून तांदूळ जायचा. भारताकडं यायचं तर जंगलातून कित्येक दिवसांची पायपीट. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून आत जायला मोटाररस्ताच नव्हता. अडुसष्ट वर्षांचे पंतप्रधान सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या हद्दीतल्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर, याकवर आणि पायी पारोला पोहोचले. सोबत इंदिराजी होत्या. भूताननं स्वतंत्रच राहावं, आपल्या मनाप्रमाणं पुढं जावं, हे त्यांनी पारोच्या सभेत स्पष्ट सांगितलं.

पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले. १९६० मध्ये भूताननं तिबेटशी व्यापार थांबवला, उत्तरेची सरहद्द बंद झाली. आजोबा म्हणाले, "मीठ येणं बंद झालं." एवढंच म्हणाले.

१९६१ मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी देशाची पहिली पंचवार्षिक योजना त्याच वर्षी सुरू केली. तिचा खर्च भारतानं उचलला आणि त्यातला मोठा वाटा रस्त्यांवर गेला. फुंटशोलिंगपासून थिंफूपर्यंतचा पावणेदोनशे किलोमीटरचा डोंगर फोडायचा होता. पावसाळ्यात दरडी, जंगलात हिवताप. आपले जवान आणि मजूर होतेच, पण भूतानच्या घराघरांतूनही माणसं कामावर आली. आजोबांचे थोरले भाऊ त्यांत होते. आजवर दंतकच्या बाराशेहून अधिक माणसांनी त्या देशातल्या बांधकामांत प्राण दिले आहेत.

रस्ता होतो न होतो तोच १९६२ चं युद्ध आलं. कामेंगमधून माघार घेणारे आपले काही जवान थकलेले, उपाशी, पूर्व भूतानच्या वाटेनं परत आले. भूताननं त्यांना वाट दिली. आपण रस्ता बांधला हे आपण अभिमानानं सांगतो. त्यांनी वाट दिली हेही सांगायला हवं.

हे ऐकल्यावर माझा हिशेबच बदलला. नवा देश, थंडी, भाषा, मुलीची शाळा, हे सगळं आम्हालाच सोसावं लागतंय असं आम्ही घरात म्हणायचो. पण आजोबांनी घर सोडलं नव्हतं, गाव सोडलं नव्हतं. त्यांच्या खोऱ्याचं तोंडच दोन वर्षांत उत्तरेकडून दक्षिणेकडं फिरलं. मीठ दुसरीकडून, पैसा दुसरा, रस्ता दुसरा आणि झोंगमध्ये परक्या देशाचे फौजी. आम्ही तीन वर्षांत रुळून परत येणार होतो. त्यांना आमच्याशी आयुष्यभर रुळायचं होतं, आणि त्यांनी ते कुरकुर न करता केलं. दुकानातल्या बाईंनी त्या दिवशी माझ्याशी तेच केलं होतं.

त्यांची माफी मी मागितली, पण फार उशिरा, पुढच्या शरदात. घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत होत्या. "कादिन्छे ला" एवढंच नीट म्हणता येत होतं, म्हणजे आभार. माफीचा शब्द हिंदीतच काढला. बाईंना तो दिवस आठवत होता की नाही, कळलं नाही. त्यांनी मूठभर मिरच्या पिशवीत जास्तीच्या टाकल्या. सौ.नं त्यांचा ठेचा केला. त्यातला वाडगाभर आजोबांना दिला. त्यांनी एमा दात्शी, म्हणजे मिरच्या-चीजची भाजी, वाडगा भरून परत पाठवली. मिरची खाणाऱ्यांचं मिरची खाणाऱ्यांशी जमायला वेळ लागत नाही, एवढं खरं!

ज्यांची पोस्टिंग आता तिकडं निघेल त्यांना एक सांगतो. पहिला महिना कमी बोला. थिंफूला जाल तेव्हा सिमतोख्याला दंतकचं स्मारक आहे, तिथं दोन मिनिटं थांबा. आणि एखादे आजोबा भेटले तर त्यांना विचारा, पूर्वी मीठ कुठून यायचं.

जय हिंद.