डोळ्यांवरचा आळ

‘दृष्टिभ्रम’ या शब्दात एक आरोप दडलेला आहे: कोणीतरी फसवले आणि डोळा फसला. भौमितिक अमूर्त चित्रांबद्दल बोलताना आपण हा शब्द सहज वापरतो. या चित्रांची पूर्वपीठिका पाहिली, तर हा आरोप टिकत नाही, असे माझे मत आहे.

१८२४ साली रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तेथे भित्तिपट विणले जात. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. त्यांनी तपास केला. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी तोच काळा निस्तेज दिसे. दोष रंगाऱ्याचा नव्हता, शेजाराचा होता. शेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

चित्रकार जॉर्ज सरा यांनी हा विचार ठिपक्यांत उतरवला. १९५९ साली ब्रिजेट रायली यांनी सरांच्या कुर्बव्हुआच्या पुलाच्या चित्राची नक्कल केली, ती शिकण्यासाठी. दोन वर्षांनी त्यांचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ आले. त्यात काळे-पांढरे चौकोन आहेत. सर्वांची उंची सारखी, रुंदी मात्र क्रमाने घटते आणि पुन्हा वाढते. सपाट फळी आत दुमडल्यासारखी भासते. येथे डोळा चुकत नाही. रुंदी आकसली की पृष्ठभाग वळला, हे तो रोजच्या जगात शिकलेला आहे. खांबाची गोलाई आपण अशीच ओळखतो.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरले. गर्दी लोटली. अनेक समीक्षकांनी मात्र ही निव्वळ नजरबंदी ठरवली, आणि रायलींची नक्षी त्यांना न विचारता कपड्यांवर छापली गेली. रायली व्यथित झाल्या. गंमत म्हणून खपलेल्या चित्रांमागची सव्वाशे वर्षांची परंपरा या गोंगाटात कोणाला दिसेना.

१९६७ साली रायली रंगीत पट्ट्यांकडे वळल्या. तांबड्याला निळ्याची कड, निळ्याला तांबड्याची. प्रश्न पुन्हा शेव्रल यांचाच होता: शेजार बदलला की रंगाचे काय होते? या चित्रांपुढे उभे राहताना ‘आपण फसलो’ असे म्हणण्याऐवजी ‘आपण पाहतो कसे’ हे विचारले, तर चित्रकाराच्या श्रमांना न्याय मिळेल.