ओहमचा भागाकार आणि हळदीचे पाणी

दाबास प्रवाहाने भागिले असता तारेचा रोध निघतो, हा सिद्धांत गेओर्ग ओहम या जर्मन अध्यापकाने 1827 साली ग्रंथरूपाने मांडिला, तेव्हा स्वदेशी त्याच्या पदरी उपेक्षाच आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ले पदक दिले ते 1841 साली. त्याच वर्षी जूलचा निबंध प्रसिद्ध झाला: तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

दाब दसपट केला की तीच शक्ती दशांश प्रवाहाने जाते, व तारेतील नाश शतांशावर येतो. म्हणूनच 1915 साली खोपोलीची वीज 1 लक्ष व्होल्टांच्या दाबाने मुंबईस आणिली गेली.

हिंगोली जिल्ह्यातील बागाईतदारास हेच गणित उलट्या बाजूने भोगावे लागते. त्याचा पंप 415 व्होल्टांचा. तार लांब, रोहित्र एक आणि पंप अनेक. दाब 332 वर उतरतो. पाणी मात्र जवळजवळ तितकेच उपसावयाचे, म्हणून मोटर सुमारे सव्वापट प्रवाह ओढते आणि वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. मोटर जळाली की दोष मोटरीच्या माथी. भागाकार कोणी करीत नाही! वसमतकडच्या हळदीस हिवाळ्यात पाणी लागते, आणि नेमके तेव्हाच सारे पंप एकदम सुरू होतात.